समुपदेशनाची खोली आणि वयाची अट

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनानिमित्त आयोजित सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी प्रशासकाने खाटांची संख्या, शस्त्रक्रिया, नवी यंत्रसामग्री आणि जमाखर्च यांविषयी बोलावे, असा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. ते सर्व आकडे अहवालाच्या पुढील पानांवर दिलेले असल्याने त्यांची येथे पुनरुक्ती करीत नाही. यंदा अध्यक्षांच्या अनुमतीने आम्ही एका लहानशा विभागाविषयी बोलणार आहोत. त्याचा खर्च इतका अल्प आहे की आपल्या हिशेबपत्रकात त्यास स्वतंत्र ओळदेखील नाही. 'इतर किरकोळ' या शीर्षकाखाली तो मिळून जातो. तो विभाग म्हणजे आपला समुपदेशन विभाग.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. मनाचे शास्त्र आम्हास अवगत नाही आणि त्याविषयी अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा इरादाही नाही. परंतु कोणत्या रुग्णास आत येता येते आणि कोणास येता येत नाही, हे ठरविणारे बहुतेक निर्णय वैद्यकाचे नसतात, कार्यालयाचे असतात. वेळ कोणती, खोली कोणती, शुल्क किती, अर्जावर काय छापायचे, कागदपत्रे कोणती मागायची, हे सर्व आमच्या टेबलावरून जाते. म्हणून या विषयात जे चुकले त्याचा पहिला वाटा आमचा आहे, आणि तो आपणासमोर मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

विभाग सुरू करण्याचा प्रस्ताव आम्हीच लिहिला होता. विश्वस्त मंडळास तो पटावा यासाठी आम्ही त्यात आमच्या परिचयाचे तर्क मांडले. कमावता माणूस नैराश्याने अंथरुणाला खिळला की त्याचे कामाचे दिवस बुडतात, घराचे उत्पन्न थांबते, औषधांचा व तपासण्यांचा खर्च वाढतो. त्यापेक्षा आठवड्यास एक याप्रमाणे सहा ते आठ भेटी, प्रत्येकी पाऊण तास, एवढ्या उपचाराने तो पुन्हा उभा राहत असेल तर हा खर्च नसून गुंतवणूक आहे, असे आमचे म्हणणे होते. मंडळास ते पटले, आणि एका उदार देणगीदारांनी पहिल्या वर्षांचा खर्च उचलला. त्यानंतर नोंदणी अर्ज छापताना त्यावर 'वय १८ ते ६०' असे शब्द आले. देणगीदारांनी ही अट घातली नव्हती, डॉक्टरांनी सुचविली नव्हती, मंडळाच्या ठरावातही ती नाही. ती आम्ही छापली. ज्या तर्काने पैसे मागितले, त्याच तर्काच्या मापाने दार बसविले गेले, एवढाच त्याचा खुलासा देता येईल.

ही गोष्ट आमच्या लक्षात कशी आली ते सांगतो. लेखापरीक्षणाच्या तयारीत केसपेपर व देयके जुळविताना आमच्या लेखा विभागातील लिपिकाने एकाच व्यक्तीचे सात केसपेपर आमच्यासमोर आणून ठेवले. एखादी नोंद दुबार झाली असावी, असा त्यांचा समज होता. नोंद दुबार नव्हती. एस.टी.त चालक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले ते गृहस्थ, वय ७१, दहा महिन्यांत सात वेळा आपल्या बाह्यरुग्ण विभागात येऊन गेले होते. छातीत धडधड होते, झोप लागत नाही, जेवण जात नाही, अंगात त्राण नाही, या त्यांच्या तक्रारी. प्रत्येक वेळी ई.सी.जी., दोनदा रक्ताच्या तपासण्या, एकदा टू-डी एको; सर्व अहवाल निर्दोष. दहा महिन्यांपूर्वी पत्नीचे निधन झाल्याची नोंद एकाच केसपेपरवर एका शब्दात होती. शेवटच्या दोन केसपेपरवर झोपेच्या गोळ्या लिहिलेल्या होत्या. आठवी नोंद अस्थिरोग विभागाची होती. रात्री उठताना ते पडले आणि खुब्याचे हाड मोडले. झोपेच्या गोळ्यांमुळे उतारवयात तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, हे वैद्यकीय जगतात ज्ञात आहे. यांचे पडणे त्यामुळेच झाले असे आम्ही म्हणत नाही, आणि आमच्या डॉक्टरांवर ठपका ठेवण्याचा तर मुळीच हेतू नाही. गर्दीच्या ओ.पी.डी.त पाच मिनिटांत जे करता येते ते त्यांनी केले. पुढे पाठविण्यासाठी त्यांच्यासमोर जो अर्ज होता, त्यावर ६० हा आकडा आम्ही छापला होता.

शस्त्रक्रिया उत्तम झाली, परंतु गृहस्थ चालेनात. आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी तीन दिवस प्रयत्न करून चौथ्या दिवशी समुपदेशन विभागात चिठ्ठी पाठविली, 'पाय चालतो आहे, माणूस चालत नाही.' आमच्या मानसतज्ज्ञ बाई वॉर्डात गेल्या. अर्ज भरलाच नाही, म्हणून वयाची अडचण आली नाही. वॉर्डात सर्वजण त्यांना आजोबा म्हणत. ते बाईंना म्हणाले, "आजोबा मी घरी, नातवंडांचा. इथं मला आडनावानं हाक मारा." बाई तेव्हापासून त्यांना आडनावाने, अहो-जाहो करून संबोधतात, आणि आता वॉर्डातील सिस्टरही प्रत्येक वृद्ध रुग्णास 'आपणास काय म्हणू?' असे प्रथम विचारतात.

पुढील माहिती त्यांच्या संमतीने सांगत आहोत. तीस वर्षे पहिल्या गाडीवर ड्युटी असल्याने ते पहाटे चारला उठत, आणि त्यांच्या आधी उठून पत्नी चहा ठेवत असत. निवृत्तीनंतरही हा क्रम मोडला नाही. पत्नी गेल्यावर ते चारला उठत आणि सहापर्यंत अंधारात बसून राहत. छातीतील धडधड त्या दोन तासांत होई. ही वेळ आमच्या एकाही केसपेपरवर नव्हती, कारण 'किती वाजता?' असे कोणी विचारलेच नव्हते. बाईंनी त्यांच्याबरोबर ज्या पद्धतीने काम केले तिचे तत्त्व साधे आहे. मन उभारी धरील तेव्हा काम करू, असे न म्हणता आधी एक छोटे काम ठरवायचे, ते करायचे, आणि त्यानंतर मनाला काय वाटले याची नोंद ठेवायची. पहिल्या आठवड्याचे काम होते स्वतःचा चहा स्वतः करणे. तिसऱ्या आठवड्यात वॉकर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत. सातव्या भेटीपूर्वी ते काठी टेकीत आगाराच्या फाटकापर्यंत जाऊन जुन्या सहकाऱ्यांना भेटून आले. ते पूर्ण बरे झाले असे आम्ही म्हणणार नाही. पहाट त्यांना अजूनही जड जाते. परंतु त्या भेटींनंतर त्यांचा नवा केसपेपर निघालेला नाही.

यातील हिशेबाची बाजू आम्हास बोलून दाखविणे भाग आहे. खुब्याची शस्त्रक्रिया शासकीय योजनेत बसली. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांस, उत्पन्नाचा विचार न करता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळाले आहे, आणि त्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. परंतु ते दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. हाड मोडल्यावर योजना धावून येते. हाड मोडण्यापूर्वीच्या आठ संभाषणांचा खर्च तीत नाही.

या प्रसंगानंतर आम्ही विभागाची नोंदवही चाळली. साठीपुढील नावे एका पानावर मावली. आणि हे अशा रुग्णालयात, जिथे सकाळी नऊला ओ.पी.डी.च्या बाकांवर निम्म्याहून अधिक पांढरी डोकी दिसतात!

वय झाल्यावर मन बदलत नाही, ही समजूत आम्ही निर्माण केलेली नाही, एवढाच काय तो दिलासा. मानसतज्ज्ञ बाईंनी आम्हास सांगितले की मनोविश्लेषणाचे जनक डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांनीच १९०४ साली व्हिएन्ना येथील एका व्याख्यानात पन्नाशीच्या आसपास मनाची लवचीकता ओसरते, तेव्हा असे रुग्ण या उपचारास योग्य नाहीत, असे मत मांडले होते. त्या वेळी त्यांचे स्वतःचे वय ४८ होते, आणि पुढे ते ऐंशी ओलांडेपर्यंत काम करीत राहिले. त्यांचेच सहकारी कार्ल आब्राहम यांनी १९१९ मध्ये अनुभवांती वेगळे मत नोंदविले. रुग्णाच्या वयापेक्षा आजार किती जुना आहे हे महत्त्वाचे, असे त्यांचे म्हणणे. पन्नाशी ओलांडलेल्या आम्हास हे दुसरे मत अधिक पटले, हे सांगणे नलगे.

आमच्यासारखीच चूक मोठ्या प्रमाणावर अन्यत्रही झाली आहे. इंग्लंडमध्ये अर्थतज्ज्ञ रिचर्ड लेयर्ड यांनी २००६ मध्ये असा युक्तिवाद केला की नैराश्य व चिंताविकारांवर संवादाधारित उपचार सर्वांस उपलब्ध केल्यास लोक कामावर परततील, शासनाचा भत्त्यांवरील खर्च वाचेल आणि योजनेचा खर्च त्यातून भरून निघेल. डॉनकॅस्टर व न्यूहॅम येथे प्रयोग झाले आणि २००८ पासून ती सेवा देशभर सुरू झाली. या विषयातील ते फार मोठे पाऊल होते. परंतु पाया कामावर परतण्याचा असल्याने निवृत्तांचा विचार मागे राहिला आणि लोकसंख्येतील प्रमाणाच्या मानाने वृद्ध फारच कमी आले. २०११ च्या आराखड्यात वृद्धांचा सहभाग वाढविण्याचे उद्दिष्ट घालण्यात आले, आणि २०१२ पासून सेवा देताना वयावरून अन्याय्य भेद करण्यास तेथील कायद्याने बंदी घातली. सर्वांत लक्षणीय बाब अशी की जे वृद्ध त्या सेवेत पोचले, त्यांच्यात बरे होणाऱ्यांचे प्रमाण तरुणांपेक्षा अधिक आढळले. उपचार त्यांना लागू पडत होता, त्यांच्यापर्यंत पोचत मात्र नव्हता.

इंग्लंड दूर आहे, गोवा शेजारी आहे. तेथील 'संगाथ' संस्थेच्या तज्ज्ञांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतून नैराश्याच्या रुग्णांसाठी असाच 'छोट्या कामापासून सुरुवात' करण्याचा उपचार योजला. तो देणारे समुपदेशक डॉक्टर किंवा मानसतज्ज्ञ नव्हते. ते प्रशिक्षित स्थानिक लोक होते. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनंतर या उपचाराच्या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीच्या सुधारित उपचाराच्या गटातील ३९ टक्के. मात्र त्यात घेतलेल्या रुग्णांचे वय होते १८ ते ६५. पुढे गोव्यातच साठीपुढील १८१ व्यक्तींबाबत स्वतंत्र अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. या व्यक्तींना नैराश्याची सौम्य लक्षणे होती, पूर्ण आजार जडलेला नव्हता. समुपदेशकांनी त्यांना अडचणी एकेक करून सोडविण्याची रीत शिकविली, झोपेच्या सवयी सुधारण्यास मदत केली, मधुमेहासारख्या दुखण्यांत स्वतःची काळजी कशी घ्यावी ते सांगितले, आणि निवृत्तिवेतनासारख्या शासकीय योजनांचा लाभ मिळवून देण्यास साहाय्य केले. वर्षभरात या गटातील ९१ पैकी चौघांस तीव्र नैराश्य आले. दुसऱ्या गटातील ९० पैकी तेरा जणांस. अर्ज भरून देणे हाही मनाच्या उपचाराचा भाग असू शकतो, हे वाचून आमच्या कार्यालयातील कर्मचाऱ्यांस विशेष आनंद झाला.

आपल्याकडे कायदाही आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १८ ने शासनाने चालविलेल्या वा शासनाच्या निधीतून चालणाऱ्या सेवांतून मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीस दिला आहे. लिंग, धर्म, जात, वर्ग, अपंगत्व आदी ज्या कारणांवरून भेद करता येणार नाही त्यांच्या यादीत वयाचा शब्द नाही, तो 'अन्य कोणत्याही कारणावरून' यात येतो. मात्र किमान सेवांत वृद्धांच्या मानसिक आरोग्यसेवेचा स्वतंत्र उल्लेख आहे. आपला न्यास खाजगी असला तरी जे शासनास बंधनकारक आहे ते आपणास शोभणारे नाही, असे म्हणता येणार नाही.

वयाची ओळ आम्ही त्याच आठवड्यात अर्जावरून काढली. त्याने काहीही झाले नाही. नोंदवहीतील ते एक पान दोन महिन्यांनीही एकच राहिले. अट काढली तरी खोली तीच होती, आणि खरी अडचण खोलीत होती.

ती खोली दुसऱ्या मजल्यावर, मधे प्लायवूडची फळी घालून केलेली. ज्यास कमी ऐकू येते त्याच्याशी मोठ्याने बोलावे लागते. तो माणूसही मोठ्याने उत्तर देतो, आणि फळीपलीकडे चिठ्ठी घेऊन रांगेत बसलेले वीसजण ते ऐकतात. सून कशी वागते, रात्री मनात काय येते, या गोष्टी कोण अशा ठिकाणी बोलेल? आम्ही तळमजल्यावरील जुने केसपेपर ठेवण्याची खोली रिकामी करून तिथे विभाग हलविला. भिंती दगडी आहेत, दार जड आहे. बाहेरची पाटीही बदलली. 'मानसोपचार' वाचून माणसे परत फिरत, आणि 'समुपदेशन' हा शब्द अनेकांस वकिलाकडील वाटे. आता पाटीवर 'झोप, काळजी व मन यांविषयी सल्ला' असे लिहिले आहे. भाषाशुद्धीच्या दृष्टीने ते फारसे देखणे नाही, याची आम्हास जाणीव आहे.

दुसरा प्रश्न सोबत येणाऱ्यांचा. मुलगा किंवा सून आत बसतात, प्रेमाने बसतात, आणि प्रश्न वडिलांस विचारला की उत्तर तेच देतात. आता पहिली दहा मिनिटे सर्वांसमवेत, नंतर रुग्ण एकटा, असा नियम केला आहे. येथे उपस्थित नातेवाइकांपैकी काहीजण यावरून आमच्याकडे तक्रार घेऊन आले होते. त्यांची काळजी आम्ही समजू शकतो, परंतु हा नियम बदलणार नाही.

शिधापत्रिकेचा प्रश्न मात्र आम्हास सर्वांत अधिक सलला. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार आपण दहा टक्के खाटा निर्धनांसाठी व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवतो आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतो. सवलतीसाठी उत्पन्नाचा पुरावा लागतो. तीच पद्धत आम्ही समुपदेशनाच्या शुल्कासही लावली. परिणाम असा की ज्या आजींच्या हातात स्वतःचा एक रुपया नाही, परंतु ज्यांचे नाव मुलाच्या पांढऱ्या शिधापत्रिकेवर आहे, त्या आमच्या लेखी संपन्न ठरल्या. त्यांनी मुलाकडे कशासाठी पैसे मागावेत? 'मला तुझ्याविषयी परक्या माणसाशी बोलायचे आहे' म्हणून? निर्धन रुग्ण निधीचे नियम आम्हास बदलता येत नाहीत, आणि त्यांच्याशी खेळणे योग्यही नाही. म्हणून न्यासाच्या सर्वसाधारण निधीतून समुपदेशनासाठी वेगळी तरतूद केली असून तीत रुग्णाच्या स्वतःच्या हातातील पैसा विचारात घेतला जातो. पुरावा मागितला जात नाही. काहीजण याचा गैरफायदा घेतील, असे आमच्या लेखापरीक्षकांनी बजावले आहे. घेतीलही.

एका सन्माननीय विश्वस्तांनी मंडळाच्या बैठकीत विचारलेला प्रश्न येथे टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मानसतज्ज्ञ एक, दिवसाचे तास मोजके; मग ज्यांच्यापुढे उभे आयुष्य आहे अशा तरुणांस आधी वेळ द्यावा की उतारवयातील माणसास? बेरजेने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. आम्ही तसा प्रयत्न करून पाहिला. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण, २०१५-१६ मध्ये निरनिराळ्या मानसिक आजारांत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले होते. म्हणजे तरुणांसही आपण पुरे पडत नाही. रोजंदारीवर जाणारा तिशीतला माणूस सकाळच्या वेळेत येऊच शकत नाही, त्याची मजुरी बुडते. त्याच्यासाठी आठवड्यातून दोन दिवस सायंकाळी सहा ते आठ अशी वेळ सुरू केली आहे. ज्येष्ठांस मात्र परतीची एस.टी. गाठायची असते, त्यांना सकाळच सोयीची. क्रम लावताना आता त्रासाची तीव्रता आणि किती दिवस वाट पाहिली, या दोनच गोष्टी पाहिल्या जातात. विश्वस्त महोदयांचे यावर पूर्ण समाधान झालेले नाही, आणि त्यांची शंका आम्ही इतिवृत्तात नोंदविली आहे.

रांग कमी करण्याचा खरा मार्ग म्हणजे माणसे वाढविणे. गोव्याच्या धर्तीवर परिसरातील तीन भगिनींना मानसतज्ज्ञ बाई प्रशिक्षण देत आहेत. त्यांपैकी एक निवृत्त शिक्षिका आहेत. दर आठवड्याला त्यांच्या कामाचा आढावा घेतला जाईल, आणि आत्महत्येचे विचार किंवा स्मृतिभ्रंशाची शंका असलेला रुग्ण त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे जाईल. घरी फोनवरून बोलणे ज्यांना शक्य आहे त्यांस शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक केसपेपरवर छापून देत आहोत.

देणगीदारांस एक विनंती. आपण दिलेल्या डायलिसिस यंत्रांवर, खाटांवर, पाण्याच्या कूलरवर आपल्या आईवडिलांची नावे आहेत आणि ती तेथे असावीत. समुपदेशकाच्या मासिक मानधनावर पाटी लावता येत नाही. बंद दाराआड झालेल्या संभाषणाचे छायाचित्र आम्ही अहवालात छापू शकत नाही, आणि कोणास त्याचा लाभ झाला हेही आपणास सांगू शकणार नाही. तरीही या कामासाठी देणगी द्यावयाची असल्यास पावती घेताना 'समुपदेशन' असा शब्द सांगावा. पुढील वर्षापासून हिशेबपत्रकात या विभागाची स्वतंत्र ओळ असेल. तीत किती जमा झाले आणि कशावर खर्च झाले, ते याच पानांवर आपणास वाचावयास मिळेल.

खोली तळमजल्यावर, औषधालयाच्या डाव्या हातास आहे. सोमवार ते शनिवार, सकाळी साडेनऊ ते एक. सायंकाळची वेळ मंगळवार व शुक्रवार. चिठ्ठीची आवश्यकता नाही.